दफनभूमीचा वाद आणि ‘छळ’ हा शब्द

निवृत्त_मास्तर

नमस्कार. मी वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारा, शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून ख्रिस्ती असून गावात आमची एकंदर अकरा घरे आहेत. गेल्या पावसाळ्यात घडलेली एक घटना आणि त्यानंतरच्या रविवारी आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) झालेले प्रवचन, या दोहोंमुळे हा धागा काढत आहे. घटनेपेक्षा प्रवचनाने मला अधिक अस्वस्थ केले, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या मंडळीतील एक वृद्ध बाई श्रावणात वारल्या. ओढ्यापलीकडे ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीचा एक तुकडा आहे. तेथे आम्ही आजोबांच्या काळापासून माती देत आलो आहोत, परंतु सातबाऱ्यावर दफनभूमी म्हणून त्याची नोंद कधीच झाली नाही. खड्डा खणायला गेलेल्या पोरांना सहा-सात जणांनी अडवले. ही गुरांच्या चराईची जागा आहे, आज खड्डा खणाल आणि उद्या कुंपण घालाल, असे त्यांचे म्हणणे होते. पोलीस पाटील आले, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आले, तलाठ्यांना फोन झाला आणि त्या सगळ्यात बाईंचे शव चार तास ओसरीवर राहिले. शेवटी तहसीलमधून ‘आजवर जेथे होत आले तेथेच होऊ द्या’ असा निरोप आला आणि दिवस मावळता मावळता माती झाली. अडवणाऱ्यांपैकी दोघे मातीला हजर होते. त्यांतील एक माझा विद्यार्थी.

त्या रविवारी आमचे तरुण पाळक म्हणाले की, आदिमंडळीप्रमाणे (सुरुवातीच्या शतकांतील ख्रिस्ती लोकांप्रमाणे) आता आपलाही छळ सुरू झाला आहे. मग त्यांनी अमेरिकेतील एका प्रवचनकाराची हिंदीत भाषांतर केलेली चित्रफीत भिंतीवर दाखवली. त्या गृहस्थांची तक्रार अशी होती की, सरकारी शाळांतून प्रार्थना हद्दपार झाली, दुकानदार नाताळच्या शुभेच्छा देण्याऐवजी ‘सुट्टीच्या शुभेच्छा’ देतात आणि ख्रिस्ती माणसाला आपल्या देशात तोंड उघडण्याची सोय राहिलेली नाही. त्यांच्यामागे हजारो माणसे बसतील असे सभागृह होते. त्यांच्या देशाच्या नाण्यांवर ‘आमचा देवावर विश्वास आहे’ असे कोरलेले असते, हे मी सहावी-सातवीच्या मुलांना अनेकदा सांगितले आहे. तरीही पत्र्याच्या छपराखाली बसलेली आमची अकरा घरे माना डोलावत होती.

रोमन साम्राज्यात काय झाले ते आठवून पाहावे. सन २५० च्या सुमारास सम्राट डेशियसने फर्मान काढले की, प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा लेखी दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. (दाखल्यासाठी खेटे घालण्याची परंपरा किती जुनी आहे पाहा.) ज्यांच्याकडे दाखला नव्हता त्यांना तुरुंग होता, काहींना मरण होते. सन ३०३ मध्ये डायोक्लेशियनच्या काळात प्रार्थनामंदिरे पाडली गेली आणि शास्त्राच्या प्रती जाळल्या गेल्या. याला छळ म्हणतात. चार तासांच्या अडवणुकीला आणि दुकानातील शुभेच्छांनाही तोच शब्द लावला, तर रोमन काळच्या त्या माणसांनी जे सोसले त्याला आपण काय म्हणणार?

नीतिमत्त्वाकरिता ज्यांचा छळ झाला ते धन्य, हे बायबलमधील मत्तयाचे वचन आम्हा सर्वांना पाठ आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातील चौथ्या अध्यायाचे पंधरावे वचन मात्र कोणी फारसे वाचत नाही. तेथे तो बजावतो की, खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून तुमच्यापैकी कोणी दुःख भोगू नये. आपल्याला झालेला त्रास विश्वासामुळे झाला की आपल्या वागण्यामुळे, की केवळ नोंद करून न घेण्याच्या आळसामुळे, हे आधी तपासून घ्या, असा त्याचा अर्थ मी लावतो. माझा प्रश्न असा आहे की, आपल्यापैकी काही जणांना स्वतःला पीडित समजण्याची ओढ लागली आहे का?

तूर_कपाशी

गुरुजी, मी ख्रिस्ती नाही. यवतमाळ जिल्ह्यात माझी शेती आहे आणि आमच्या गावातही असाच वाद होऊन गेला आहे, म्हणून लिहितो. ई-क्लास जमिनीवरून आमच्याकडे बंजारा तांडा आणि गाव यांच्यात भांडण झाले, नंतर समाजमंदिराच्या जागेवरून झाले, आणि एकाच पंढरीच्या दोन दिंड्यांमध्येही झाले. चराईची जमीन वरचेवर कमी होत चालली असताना कोणीही तेथे खड्डा खणला तरी चार माणसे उभी राहणारच. त्यांना खणणाऱ्याचा धर्म कोणता हे विचारण्याची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे, परंतु आपण स्पष्ट विचारले म्हणून सांगतो. आमच्या गावी बाहेरून काही मंडळी येत असत आणि त्यांनी वाटलेल्या पत्रकात आमच्या देवांना ‘मुके दगड’ म्हटलेले होते. माझ्या आजीने ते पत्रक चुलीत घातले. सन १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली, तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. पूर्णपणे स्वेच्छेने न झालेली धर्मांतरे कायद्याने थांबवावीत आणि ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हाच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे, अशी शिफारस त्या समितीने १९५६ च्या अहवालात केली. आपल्या लोकांना तो अहवाल अन्यायकारक वाटला असेल, हे मी समजू शकतो. परंतु त्यामागे माझ्या आजीसारख्या माणसांचाही राग होता, आणि तो राग म्हणजे छळ नव्हे.

तालुका_कोर्ट

माझी वकिली या भागातच चालते. भावनेत शिरण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. सन १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. हा निर्णय पुष्कळ ख्रिस्ती विचारवंतांना पटलेला नाही. मलाही तो पूर्ण पटत नाही, कारण ऐकणाऱ्याला पटण्याची मुभाच नसेल तर सांगण्याच्या मुभेला फारसा अर्थ उरत नाही. परंतु न पटणारा निकाल आणि छळ यांत फरक केलाच पाहिजे.

कायद्यातच भेद आहे असे एक ठिकाण मात्र आहे आणि गुरुजींनी ते वगळले. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. ती सुरुवातीला हिंदूंपुरती होती, १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी शिथिल झाली. ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यासाठी झाली नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने ही अट काढून टाकण्याची शिफारस केली होती, आणि २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. अनुसूचित जमातींना अशी अट नाही. त्यामुळे ख्रिस्ती झालेला कोरकू कागदावर कोरकूच राहतो, परंतु ख्रिस्ती झालेला मातंग कागदावर मातंग राहत नाही. गावकरी त्याला पूर्वीच्याच जातीने ओळखतात, शासन मात्र ओळखत नाही. याला मी छळ म्हणणार नाही, भेदभाव म्हणेन, कारण भेदभाव हा शब्द न्यायालयात सिद्ध करता येतो.

धम्मवाट

वकील साहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझे पूर्ण अनुमोदन आहे, आणि त्याला थोडी पुरवणी जोडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यात माझे आजोबा होते. दीक्षेनंतर केंद्राच्या सवलती गेल्या आणि त्या परत मिळायला १९९० साल उजाडले. या ३४ वर्षांत आमच्या माणसांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, निवडणुका लढवल्या. आमचा छळ होत आहे म्हणून आम्ही धन्य आहोत, असे मात्र मला आठवते तसे कोणी म्हटले नाही. गुरुजींनी मत्तयाचे वचन दिले, त्यावरून मला पहिल्यांदाच लक्षात आले की, ज्या परंपरेत छळालाच आशीर्वाद मानले जाते तेथे माणूस तो शोधत जाण्याचा धोका असतो. हे टीका म्हणून नव्हे, बाहेरून पाहणाऱ्याचे निरीक्षण म्हणून घ्यावे.

वकील साहेब, महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे ना? तो येथे लागू होत नाही का?

तालुका_कोर्ट

ताई, तो कायदा २०१६ चा आहे आणि २०१७ च्या जुलैपासून अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु तो मुख्यतः जातपंचायतींकडे पाहून केलेला आहे. एखाद्या समाजाने आपल्याच सदस्याला वाळीत टाकणे हा त्याचा गाभा आहे. एखादे कुटुंब प्रार्थनेला जाऊ लागले म्हणून त्याच्याच जातपंचायतीने त्याचे लग्नकार्य, मयत आणि पाणवठा बंद केला, तर हा कायदा उपयोगी पडेल. गुरुजींच्या गावातील प्रकार दोन समाजांमधील जमिनीचा आहे. तेथे महसुली नोंद हाच उपाय आहे.

अमरावती_ते_ओहायो

मूळचा अचलपूर तालुक्यातील; गेली बावीस वर्षे अमेरिकेत आहे. त्या चित्रफितीविषयी मला काही सांगायचे आहे, कारण तशी प्रवचने मी येथील चर्चमध्ये समोर बसून ऐकली आहेत.

येथील सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये असा निकाल दिला की, सरकारी शाळेने अधिकृत प्रार्थना लिहून ती मुलांकडून म्हणवून घेऊ नये. मुलाने स्वतःहून डोळे मिटून प्रार्थना करण्यावर त्या निकालाने बंदी घातलेली नाही. तरीही साठ वर्षे ‘देवाला शाळेबाहेर काढले’ असेच सांगितले जाते. सन २०१५ मध्ये केंटकी राज्यातील किम डेव्हिस नावाच्या काउंटी क्लार्कने (विवाहाचे परवाने देणाऱ्या स्थानिक अधिकारी बाईंनी) समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने देण्यास नकार दिला, न्यायालयाचा आदेशही मानला नाही आणि त्या पाच दिवस कोठडीत राहिल्या. एका बाजूने त्यांना हुतात्मा ठरवले गेले. आपल्याकडे एखाद्या ग्रामसेवकाने ‘माझ्या धर्मात बसत नाही’ म्हणून विवाह नोंदणी नाकारली, तर आपण त्याला काय म्हणू, याचा विचार करावा. उलट बाजूही सांगितली पाहिजे: कोलोरॅडोतील ज्या केकवाल्याने समलिंगी जोडप्यासाठी केक करण्यास नकार दिला, त्याच्या बाजूने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला, कारण राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेविषयी तुच्छतेने भाष्य केले होते. म्हणजे तक्रारीत कधी तथ्यही असते आणि ते ऐकणारी न्यायालयेही असतात.

सन २०१७ मध्ये पीआरआरआय या जनमत पाहणाऱ्या अमेरिकी संस्थेने केलेल्या पाहणीत, ख्रिस्ती लोकांना खूप भेदभाव सोसावा लागतो असे गोऱ्या इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांपैकी ५७ टक्क्यांनी सांगितले. मुसलमानांना तसा भेदभाव सोसावा लागतो असे त्यांच्यातील ४४ टक्क्यांनाच वाटले. सन २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी ‘ख्रिस्तीविरोधी पक्षपात’ निपटून काढण्यासाठी खास कार्यगट नेमण्याचा आदेश काढला. ज्यांच्यासाठी देशाचा सर्वोच्च सत्ताधीश कार्यगट नेमतो, त्यांना आदिमंडळी म्हणता येईल का?

याचे मूळ मला लबाडीत दिसत नाही, उताराच्या वेदनेत दिसते. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००७ मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ते ६२ टक्के झाले. ज्यांच्या सणाला सगळे गाव थांबत असे, त्यांच्या सणाच्या दिवशी दुकाने उघडी दिसू लागली की त्यांना काहीतरी हिसकावून घेतल्यासारखे वाटते. पाटीलकी गेलेल्या वाड्यात बसून आपल्यावर अन्याय झाला म्हणणारी माणसे मी लहानपणी अचलपुरात पाहिली आहेत. तोच चेहरा येथे दिसतो.

एक गोष्ट त्या चित्रफितीत नसणार, अशी माझी खात्री आहे. याच देशात १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम शहरातील एका चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मेल्या. त्या ख्रिस्ती होत्या, आणि कृष्णवर्णीय होत्या. बॉम्ब ठेवणारे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचे लोक होते आणि तेही स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते.

पायथ्याचा_पोरगा

मास्तर, मी धारणी तालुक्यातील आहे. कोरकू आदिवासी आहे आणि विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, आहे. वयाने आपल्यापेक्षा पुष्कळ लहान असल्यामुळे शब्द जपून वापरण्याचा प्रयत्न करतो, परंतु आपले लिखाण वाचून मला वाईट वाटले.

आपण चार पिढ्यांचे ख्रिस्ती आहात, आपल्याला पेन्शन आहे, तहसीलमध्ये आपली ओळख आहे. म्हणून चार तासांत निरोप आला. माझ्या मामाच्या घरी बुधवारी संध्याकाळी दहा-बारा माणसे प्रार्थनेला बसतात. गेल्या वर्षी काही अनोळखी तरुण मोटारसायकलींवरून आले, त्यांनी मोबाइलवर सर्वांचे चित्रण केले, पैसे किती मिळाले असे विचारले आणि बायबल उचलून पाहिले. कोणी कोणाला मारले नाही. नंतर ठाण्यात बोलावणे आले आणि दुपारभर बसवून ‘यापुढे जमाव करणार नाही’ असे लिहून घेतले. त्या घरी आता बुधवारी प्रार्थना होत नाही. मास्तर, सांगा, याला कोणता शब्द? गैरसोय?

२२ आणि २३ जानेवारी १९९९ च्या मधल्या रात्री ओडिशातील मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. धाकटा सहा वर्षांचा होता. सन २००८ मध्ये त्याच राज्यातील कंधमाळमध्ये विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद यांच्या हत्येनंतर हजारो ख्रिस्ती लोकांना घरे सोडून जंगलात पळावे लागले; ती हत्या माओवाद्यांनी आपण केल्याचे सांगितले होते, पण सूड आदिवासी आणि दलित ख्रिस्ती लोकांवर उगवला गेला. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये धर्मांतराच्या कायद्यात अशी दुरुस्ती केली की, कोणीही तक्रार करू शकतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आमच्या मेळघाटात असे काही घडले नाही, हे मान्य आहे. परंतु मोटारसायकली अंगणात थांबल्या, तेव्हा मामीने पहिल्यांदा लेकरांना मागच्या दाराने शेजारच्या घरी पाठवले. तिला कंधमाळ कोठे आहे हे ठाऊक नाही. तरीही तिने असे का केले?

अमेरिकेतील त्या प्रवचनकाराचा छळ होत नाही, हे मला पटते. म्हणून माझाही होत नाही, हे पटत नाही.

तूर_कपाशी

भाऊ, तुमच्या मामांच्या घरी जे झाले ते चुकीचे झाले. माझ्या घरी भजनाला बसलेल्या माणसांचे कोणी असे चित्रण केले असते, तर मी त्यांना धड जाऊ दिले नसते. पत्रकाचा माझा राग कायम आहे, पण तो तुमच्या मामांवर नाही.

रात्रपाळी

मी एका मिशन दवाखान्यात एकतीस वर्षे परिचारिका होते. ओहायोच्या भाऊंनी उताराची वेदना म्हटले, त्यावर मला आपल्या इकडचे सांगायचे आहे. कारण ते दुखणे आपल्यालाही आहे, आणि पायथ्याच्या पोराच्या दुखण्यापेक्षा ते वेगळे आहे.

वऱ्हाडात मिशनचे दवाखाने, शाळा आणि वसतिगृहे होती. वाशीमचा रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना, परतवाड्याजवळचे कोठारा येथील कुष्ठधाम, नागपुरातील म्यूर मेमोरियल आणि १८८३ पासूनचे हिस्लॉप महाविद्यालय ही नावे तालुक्या-तालुक्यांत माहीत होती. माझ्या लहानपणी मिशन कंपाउंडमध्ये राहणाऱ्यांना एक मान होता: इंग्रजी येते, नर्सिंगला प्रवेश मिळतो, साहेबांच्या बंगल्यात चहा मिळतो. पुढे परदेशी मंडळी परत गेली, पैसा आटला आणि शासकीय रुग्णालये उभी राहिली. नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी वेगवेगळी मिशने एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तरी आमच्या बंगल्यांची छपरे गळायची थांबली नाहीत. जमिनीचे खटले मात्र वाढले, आणि ते बहुतेक आपल्याच विश्वस्तांनी एकमेकांवर घातलेले होते.

आमच्या कंपाउंडमधील म्हातारी माणसे या सगळ्याला ‘आपल्यावरचा छळ’ म्हणत असत. कोणी आपला छळ केला नव्हता. आपली सद्दी संपली होती. मी ओसरीवर बसून ते ऐकत असे आणि रात्रपाळीला जात असे, जेथे गावोगावची माणसे जात न विचारता माझ्या हातचे पाणी पीत होती.

मास्तर, त्या बाईंना गरम पाण्याने शेवटची अंघोळ कोणी घातली, हे तुम्ही लिहिले नाही.

निवृत्त_मास्तर

रात्रपाळीताई, शेजारच्या तीन बायकांनी घातली. त्यांपैकी एकच आमच्या मंडळीची होती.

पायथ्याच्या पोरा, तुझे म्हणणे मी दोनदा वाचले. मी मोजमाप माझ्या ओसरीवरून केले, ही चूक आहे. तुझ्या मामांच्या घरी जे घडले त्याला मी गैरसोय म्हणणार नाही. घरी प्रार्थनेला बसलेल्या माणसाकडून राज्याच्या हाताने ‘यापुढे जमाव करणार नाही’ असे लिहून घेणे हे डेशियसच्या दाखल्याच्या फार जवळ जाते. तो कागद खरोखर लिहून घेतला असेल तर त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. वकील साहेब अर्जाचा मसुदा देतील, असे मी त्यांना न विचारताच गृहीत धरतो. आणि खरे सांगायचे तर त्या चित्रफितीवरचा माझा राग आता वाढला आहे. दुकानातील शुभेच्छांसाठी ज्यांनी हा शब्द खर्चून टाकला, त्यांनी तो तुझ्या मामीच्या वाट्याला येऊ दिला नाही.

आमच्या पाळकांशी काल बोललो. ते आधी रागावले, मग पेत्राचे पत्र काढून बसले. पुढच्या रविवारी त्यावर बोलेन म्हणाले. चित्रफितीविषयी काही बोलले नाहीत.

तालुका_कोर्ट

मसुदा आज रात्री पाठवतो. गुरुजी, तुमच्या दफनभूमीचे काय? ग्रामसभेचा ठराव, मोजणी आणि नोंदीचा अर्ज, या क्रमाने जावे लागेल.

निवृत्त_मास्तर

ठरावाची सूचना मांडायला माझा तोच विद्यार्थी तयार आहे. त्याची अट एवढीच की, चारही बाजूंनी कुंपण घालू नये आणि गुरांना ओढ्यावर जायला पूर्वेची वाट मोकळी ठेवावी. मंडळीतील दोन घरांना ही अट मान्य नाही. मोजणीची फी भरली आहे. भूमी अभिलेख कार्यालयाने अद्याप तारीख दिलेली नाही.